हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनरांना बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. यंदा माझा अंगठा यंत्राला पटेना. भांडी घासून घासून त्याच्यावरच्या रेषाच गेल्यात. काउंटरवरच्या तरुणाने आपल्या रुमालाने तो हलकेच पुसला.

"आजी, जरा जोर लावा."

"जोर असता तर पेन्शन कशाला घेतली असती? तुला मिळेल ना रे पुढे?"

"आमच्या वेळी बंद झाली, आजी. पगारातून कर तेवढा कापतात," तो हसला.

नोकरीत असताना मीही फणकारायची, "या म्हाताऱ्यांना आम्ही किती दिवस पोसायचं?" जशा काही बाईसाहेब जन्मभर तिशीतच राहणार होत्या! आता हा मला पोसतोय, आणि वर रुमालही त्याचाच.

यंत्राचा हिरवा दिवा लागला. "झालात जिवंत!" तो म्हणाला. सवयीने 'शतायुषी हो' ओठांवर आलं, पण पेन्शनशिवाय एवढं लांब आयुष्य त्याला कुठल्या तोंडाने देऊ?

मी रुमाल उचलला. म्हटलं, "धुऊन आणते."

तेवढं तरी त्याचं त्याला परत करता येईल.