फाट्यावर गोळा केलेली नावं

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाला पहिली मुलगी झाली. त्याचं वारंगा फाट्यावर चहा-नाश्त्याचं हॉटेल. हॉटेल म्हणजे वर पत्रे, पुढं बाकडी आणि दिवसभर न विझणारी भट्टी. मला हिंगोलीत दिलेली. बारशाला आत्याचा मान असतो, म्हणून मी चार दिवस आधीच माहेरी जाऊन बसले.

घरात पाऊल ठेवलं तर सगळ्यांची तोंडं उतरलेली. गुरुजींनी पंचांग पाहून नावाचं अक्षर सांगितलं होतं, ठ.

"ठ वरून काय हाय, अक्का? ठकू आन् ठमा," भाऊ म्हणाला. "उद्या पोरगी कालेजात गेली तर मास्तर ठमा म्हणून हाजरी घेईन का?"

"माझ्या आजीचं नाव तेच होतं," माय म्हणाली. "चांगली पिकून गेली ती."

भावानं वाद घातला नाही. तो हॉटेलात गेला आणि गिऱ्हाइकांना विचारायला लागला. फाट्यावर सगळ्या मुलखाचे ट्रक थांबायचे. ड्रायव्हर लोकांना घर सोडून पंधरवडा, महिना झालेला असायचा. कुणी लेकीचं नाव विचारलं की चहा थंड होईस्तोवर माणूस बोलत राहायचा. संध्याकाळी भाऊ घरी आला की जेवणाआधी त्या दिवशीची नावं सांगायचा, आणि माय ताट वाढता वाढता एकेकाची वाट लावायची.

एका सरदारजीनं आपल्या लेकीचं नाव सांगितलं होतं, हरलीन. म्हणजे हरीच्या ठायी लीन झालेली.

"आधी अंगावर पिऊ दे तिला," माय म्हणाली. "लीन मग होईन."

शेजारच्या पंक्चरवाल्या चाचांनी नूर सुचवलं. अरबी शब्द, अर्थ उजेड. हे मायला जरा पटलं. "रोजच लाईट जाऊन राहिली, घरात एखादा उजेड बरा," म्हणाली. पण भावाला एवढंसं नाव अपुरं वाटलं. एका तमिळ ड्रायव्हरला हिंदी येत नव्हतं. त्यानं लेकीचं नाव सांगून आधी हातानं मासा पोहून दाखवला, मग डोळ्याला बोट लावलं. भावाला वाटलं, पोरीच्या डोळ्याला मासळीचा काटा लागला असावा. त्यानं हळहळ व्यक्त केली आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच मुलखाच्या दुसऱ्या माणसानं उलगडा केला. नाव होतं कयल्विळी, मासोळीसारख्या डोळ्यांची.

"म्हणजे आपली मीनाक्षीच की," मी म्हणाले.

"व्हय, पर ते लांबून आलेलं हाय," भाऊ म्हणाला.

शेवटी एका तेलुगू ड्रायव्हरनं सांगितलेलं नाव त्याच्या मनात बसलं. वेन्नेला, म्हणजे चांदणं.

"काय नेला?" मायनं विचारलं. "कुणी नेला?"

त्यानं तीनदा समजावलं. माय तिन्ही वेळा काय चोरीला गेलं तेच विचारत राहिली. तिला पहिल्याच वेळी समजलं होतं, हे मला तिच्या तोंडावरून दिसत होतं.

बाबा ओसरीवर सुपारी कातरत बसलेले. ते या सगळ्यात एक शब्द बोलले नव्हते. भाऊ वैतागून म्हणाला, "बाबा, तुमाला काहीच वाटत न्हाई का?"

"माझ्या नावाचा अर्थ कुणी इचारला होता?" बाबा म्हणाले.

बाबांच्या नावाचा अर्थ उकिरडा. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आजीनं त्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून आणून दिलं, आणि तेच नाव पडलं. असल्या लेकराकडं यम ढुंकून पाहत नाही, असा समज.

"जगलो," बाबा म्हणाले. "तुमी सात मुलखातून नावं हुडकून राहिले. म्हणजे लेकरू जगणार याची खात्रीच हाय तुमाला. लई बरं वाटतं ऐकायला." आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

बारशाच्या दिवशी भावानं मला बाजूला घेऊन वेन्नेला चार वेळा घोकून घेतलं. बाया जमल्या. पाळण्याच्या वरून-खालून गोविंद-गोपाळ झालं. मी कानात नाव सांगायला वाकणार तेवढ्यात भावजयीनं माझा पदर ओढला.

"अक्का, जाई ठेवा," ती हळूच म्हणाली.

"त्याला इचारलं का?"

"त्यांनी मला इचारलं?"

चार दिवस ती आतल्या बाजेवर पडून सगळी नावं ऐकत होती, आणि आमच्यापैकी कुणालाच तिला विचारायचं सुचलं नव्हतं. मी वाकले आणि जाई सांगितलं. बायांनी पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. नाव ऐकून भाऊ घुगऱ्यांची परात धरून तसाच उभा राहिला. मग सवयीनं म्हणाला, "अर्थ?"

"दारातल्या येलाला अर्थ काहून लागतो?" माय म्हणाली.

तो रागावला नाही. पण खरी पंचाईत पुढं झाली. तेच ड्रायव्हर परतीच्या खेपेला थांबायचे आणि हौसेनं विचारायचे, "क्या नाम रखा?" त्यांना जाई सांगायचं भावाच्या जिवावर यायचं. तो सरदारजीला म्हणायचा हरलीन, तेलुगूवाल्याला वेन्नेला, शेजारच्या चाचांनाही नूर. तमिळ माणसासमोर तो हातानं मासा पोहून दाखवायचा. माणसं खूष होऊन जायची. एकानं तर पुढच्या खेपेला चांदीचे वाळे आणले.

पोरगी हॉटेलातच रांगली, चालायला लागली. कुणी कुठल्याही नावानं हाक मारली तरी ती जायची, कारण हाकेमागं बिस्किट असायचं.

पहिलीत घालायला भावासोबत मीही गेले होते. मास्तरांनी प्रेमानं विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?"

"कोणतं?" तिनं विचारलं.

मास्तरांनी भावाकडं पाहिलं. भाऊ खिडकीतून शाळेचं मैदान बघत होता.