मोशीतली मोठी सुट्टी

पिंपरी पेंढारहून आम्ही निघालो तेव्हा टेम्पोत सगळ्यात वर आमच्या लेकीची, आरोहीची सायकल बांधली होती. सामान फार नव्हतंच. कपाट, गाद्या, मिक्सर, गव्हाची पोती आणि सासूबाईंनी जबरदस्तीने कोंबलेली लोणच्याची बरणी. आबा, म्हणजे माझे सासरे, टेम्पोभोवती फिरून प्रत्येक दोर ओढून बघत होते. बघून झालं तरी पुन्हा बघत होते. शेवटी आमच्या ह्यांच्यापुढे येऊन म्हणाले, "जयभीम. पोरीच्या शाळंत खंड पडू दिऊ नका. बाकीचं काय व्हईल ते व्हईल." माझी आई आळेफाट्याहून मुद्दाम आली होती. तिने मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "नव्या जागी जरा तोंडाला आवर घाल गं बाई." माझं तोंड कसं आहे, हे गावातल्या तुम्हा सगळ्यांना मी सांगायला नको.

लोकांना वाटतं आम्ही पैशासाठी गाव सोडलं. तसं नाही. आम्ही गाव सोडलं ते वाघापायी. शहरातली माणसं बिबट्या म्हणतात, आपल्याकडं तो वाघच. शाळेच्या मागच्या भिंतीला ऊस लागून होता, आणि एका दुपारी तो बांधावर बसलेला पोरांनीच पाहिला. त्यानंतर गुरुजींनी मोठी सुट्टी वर्गातच सुरू केली, दाराला आतून कडी लावून. मी गुरुजींना नावं ठेवणार नाही, त्यांच्या जागी मी असते तर खिडक्याही लावल्या असत्या. पण आरोही तेव्हा पहिलीत होती. शाळेत कडी, घरी आल्यावर अंगणात जायची बंदी, आणि दिवे लागले की सगळेच आत. पोरगी ओसरीतल्या ओसरीत सायकलच्या घिरट्या घालायची आणि सासूबाईंच्या पायावरून चाक न्यायची.

आमचे हे तेव्हा आळेफाट्याला भाजीची पिकअप चालवत. मोशीच्या एका शाळेला बसचे ड्रायव्हर हवेत आणि ड्रायव्हरच्या मुलांना फीमध्ये सवलत आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "तितं तरी पोरगी मोकळी खेळंल." बस्स, त्या एका वाक्यावर आम्ही घर हलवलं.

मोशीला आल्यावर पहिले काही दिवस मला नुसती झोप येत होती. किती वर्षांची साठलेली होती कोण जाणे. संध्याकाळी दूध आणायला जाताना हातात बॅटरी नको, काठी नको, मागे वळून बघायला नको. खोली तिसऱ्या मजल्यावर, पाण्याची रोजची बोंब, शेजारीण ओळख द्यायला तयार नाही, पण जिवाला घोर नव्हता. हे मी मोकळेपणाने सांगते, कारण गावाकडे फोनवर आम्ही रडगाणंच जास्त गायचो.

शाळा तर अशी, की आबांनी पाहिली असती तर डोळे भरले असते. लिफ्ट, स्मार्टबोर्ड, गळ्यात टाय. अ‍ॅडमिशनला गेलो तेव्हा शाळेला सुट्टी होती आणि समोर केवढं तरी मैदान रिकामं पडलं होतं. आरोहीने तिथल्या तिथे एक फेरी मारली. शाळा सुरू झाली आणि मग कळलं, की त्या मैदानावर दिवसभर शाळेच्या बसगाड्या उभ्या असतात. मुलांनी डबा वर्गातच खायचा, त्याला स्नॅक ब्रेक म्हणायचं, आणि खाऊन झालं की ओठांवर बोट ठेवून बसायचं. पीटीचा तास आठवड्यातून एकदा, तोही पॅसेजमध्ये, जागच्या जागी हात वरखाली. आणि मैदानावरच्या त्या गाड्यांमधली एक आमचीच. बाप सकाळी पोरीला शाळेत सोडायचा आणि तिच्याच मैदानावर गाडी लावायचा.

आरोही पेन्सिली चावायला लागली. जिन्यावरून पळायची, तर खालचे काका ओरडायचे. रोज संध्याकाळी एकच प्रश्न, गावाला कधी जायचं? एकदा तिचे बूट पुसायला घेतले, तर तळ अगदी दुकानातून आणल्यासारखे. गावाला वर्ष संपायच्या आत ह्या पोरीच्या चपलेला भोक पडायचं. ते कोरे तळ बघून मला असं भरून आलं, की मी तशीच बूट हातात घेऊन बसून राहिले. वाघाला भिऊन आलो आणि इथे पोरीला बाकाला बांधलं.

मग तिच्या वर्गाच्या मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, "आरोही फार रेस्टलेस आहे. जागेवर बसतच नाही. काउन्सेलरना दाखवून घ्या." मी म्हटलं, "मॅडम, तिला मोठी सुट्टी मिळाली की होईल ती नीट." त्या म्हणाल्या, "मोठी सुट्टी अशी मधेच नाही देता येत. गावाला काही प्रॉब्लेम आहे का?" मला वाटलं, त्या गावच्या शाळेचं विचारतायत. मी सांगितलं, "गावाला मिळायची की आधी. मग बिबट्या आला आणि बंद झाली." मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, ऑफिसमध्ये विचारते. मी म्हटलं, विचारा बाई, पोरीसाठी एवढं कराच. आणि खुशीत घरी आले.

दुसऱ्या दिवशी हे घरी आले ते चेहरा पाडून. "कविता, शाळंत काय बोललीस तू?" झालं होतं असं, की मॅडमनी ऑफिसला सांगितलं, ड्रायव्हरच्या मिसेस मुलीसाठी लांब रजा मागतायत, गावाला बिबट्याचं काहीतरी झालंय. ऑफिसने ते गाड्यांच्या सुपरवायझरला सांगितलं. आणि सुपरवायझर ह्यांना म्हणाला, "काय राव, गावाला परत चाललात म्हणे. सांगायचं तरी. मी दुसरा ड्रायव्हर बघितलाय, सोमवारपासून येतोय." मी काय मागितलं होतं ते सांगितल्यावर ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, हितं मोठी सुट्टी म्हंजी मे महिना."

आधी मला हसू आलं आणि मग हिशेब कळला. नोकरी गेली की फीची सवलत गेली, सवलत गेली की शाळा गेली. आबांनी एकच गोष्ट बजावली होती आणि मी तोंड उघडून तीच घालवायला निघाले होते.

सकाळी आम्ही दोघं मुख्याध्यापिकांकडे गेलो. वाटेत ह्यांनी बजावलं, "गैरसमज झाला एवढंच म्हण. फुडं काय बोलू नकोस." मी मान हलवली. मोठ्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मोठी सुट्टी म्हणजे नेमकं काय हवंय तुम्हाला?" मी म्हटलं, "घंटा झाली की डबा खायचा आणि मग मैदानात पळायचं, ती." मॅडमनी चष्मा काढला आणि खळखळून हसल्या. "अहो, आमच्या घोडेगावला पण मोठी सुट्टीच म्हणायचे. कानावर पडून किती वर्षं झाली." त्यांनी लगेच फोन उचलून सुपरवायझरला सांगितलं, की ड्रायव्हर कुठेही जात नाहीयेत. माझा जीव भांड्यात पडला. हे आभार मानून दाराकडे वळले.

मीही उठायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर ते बूट आले आणि मी खुर्चीतच बसून राहिले. म्हटलं, "मॅडम, गैरसमज मिटला. पण सुट्टीचं काय?"

मॅडमचं हसू थांबलं. त्या रागावल्या नाहीत, समजावून सांगत होत्या. पोर्शन संपत नाही. मुलाला खरचटलं तर पालक भांडायला येतात. आणि मैदानात गाड्या असतात. "त्यातली एक तर तुमच्या मिस्टरांचीच," असं म्हणाल्या. ते खरंच होतं, मी काय बोलणार? तरी म्हटलं, "तुम्हाला घोडेगावला मिळाली ना मॅडम? वाया गेलात का तुम्ही? मग ह्या लेकरांना रोज थोडा वेळ का नको?" मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आता पुन्हा नोकरी जाते, असं वाटून मी ह्यांच्याकडे बघायचंच टाळलं.

तेवढ्यात दारातून ह्यांचा आवाज आला. "मॅडम, शाळंच्या मागं शाळंचाच मोकळा प्लॉट पडलाय. गाड्या तितं लावतो. मी बोलतो बाकीच्या ड्रायव्हरांशी. काटंकुटं आमीच काढू." लग्नानंतर ह्या माणसाने परक्यासमोर एवढं लांबलचक बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मॅडम म्हणाल्या, "आणि कुणी पडलं तर?" हे म्हणाले, "पडलं तर उठंल की."

रविवारी सगळ्या ड्रायव्हरांनी मिळून प्लॉट साफ केला. पहिली-दुसरीसाठी महिनाभर करून बघू, असं ठरलं. पहिल्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून फाटकाशी जाऊन उभी राहिले. घंटा झाली, मुलं बाहेर आली आणि मैदानाच्या मधोमध रांग करून उभीच राहिली. आता काय करायचं, हे कुणी सांगेल म्हणून वाट बघत होती. मोठ्या मॅडम म्हणाल्या, खेळा. तरी कुणी हलेना. मग आरोही एकटी पळत सुटली, तिच्या मागे दुसरं, तिसरं, आणि रांगेचा पार चुराडा झाला. फाटकावरच्या वॉचमनसमोर मी पदराने डोळे पुसले. लाज नाही वाटली.

आरोही त्याने एकदम गुणी झाली, असं काही नाही. वर्गात अजून बडबडते, ते माझ्यावर गेलंय. पण जागेवर बसते. घरी येते ती मोज्यात माती घेऊन, जेवते आणि झोपते. एका मुलाचा गुडघा फुटला, त्याची आई आली, तणतणली. सुट्टी चालूच राहिली, आणि आता तिसरी-चौथीलाही मिळते. चाकण, भोसरी, मोशीला आलेल्या बायांनो, तुम्हीही विचारा तुमच्या शाळेत. फी विचारतो, गाडीची वेळ विचारतो, तसं हेही विचारायचं. रोज मैदानात सोडता का? फक्त मोठी सुट्टी म्हणू नका.

आबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "शाळंत शिकायला घातलीया का हुंदडायला?" मी म्हटलं, "आबा, दोन्हीला." मग तेच म्हणाले, "आपल्या शाळंला बी आता जाळीचं कुंपण केलंय. पोरं भाईर सोडत्यात. लई गलका व्हतो." ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं, की विचारू नका. तिथल्या पोरांना कडीआड ठेवून आपण पळून आलो, असं आत कुठेतरी टोचत होतं.

दिवाळीला गावी गेलो. निघायच्या आदल्या संध्याकाळी आबांनी विषय काढलाच. कुंपण झालंय, शाळा चांगली चाललीय, पोरीला इथंच ठेवा. घर कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी अजून पिंपरी पेंढारच सांगते, आणि सांगताना छाती भरून येते. त्यामुळे आबांना नाही कसं म्हणायचं, हे मला सुचेना.

आरोही ओसरीत बूट घालून बघत होती. ती म्हणाली, "नको आबा, मला जायलाच पाहिजे. दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशी पकडापकडी चालू असतानाच घंटा झाली आणि खेळ थांबला. माझ्यावर राज्य आहे."

आबांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग खुंटीवरची तिची पिशवी काढली आणि आमच्या सामानाशेजारी आणून ठेवली. म्हणाले, "राज्य हाय म्हंजी गेलंच पायजे."