शेजारचे युरोपियन

अमेरिकेत, कॅरी गावात आमच्या शेजारी एक फ्रेंच गृहस्थ राहतात. बोलताना दर वाक्याआधी "ऐका" म्हणतात. फ्रान्समध्ये असताना सार्वमतात त्यांनी युरोपीय संघाच्या प्रस्तावित संविधानाविरुद्ध मत दिलं होतं, पण सगळा जाडजूड मसुदा वाचूनच.

परवा ते आमच्याकडे जेवायला आले होते, तेव्हा माझा मित्र हसत म्हणाला, "युरोप म्हणजे नुसतं मार्केट!"

त्यांचा चेहरा उतरला. "ऐका, मी त्या मसुद्याला 'नाही' म्हटलं, युरोपला नव्हे. युरोप माझं घर आहे."

त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी माफी मागितली. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "ऐका, तुमच्या देशाचं संविधान तुम्ही वाचलंय?"

कोणत्या देशाचं, भारताचं की अमेरिकेचं, हे मी विचारलं नाही. मी दोन्ही वाचलेली नव्हती.