जुना का नवा?

कुणी 'नाइस' म्हटलं की सर चष्मा काढायचे, धोतराच्या सोग्याने काचा पुसायचे आणि विचारायचे, "जुना का नवा?"

त्या काळी तुम्ही कोल्हापुरात शिकला असाल, तर असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. ते इंग्रजी शिकवायचे, मी ड्रॉइंग. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. एकदा आमच्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न जमलं. मुलगा फार नाइस आहे, असं सांगत तो पेढे वाटत होता. सरांनी पेढा तोंडात टाकला, चष्मा काढला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. त्या गृहस्थाने पुढे लग्नाचं आमंत्रणही सरांना दिलं नाही.

कारण जुना अर्थ आम्हा सगळ्यांना पाठ होता. सर सांगायचे, शब्द मूळचा लॅटिन. त्यातला 'न' तो आपलाच 'न', आणि पुढचा भाग जाणण्याचा. म्हणजे नेणता, ज्याला काही कळत नाही तो. फ्रेंचांकडून इंग्लंडात पोचला तेव्हा त्याचा अर्थ होता बावळट. मग तो लाजाळू झाला, मग चोखंदळ, मग बारकाईचा, आणि होता होता एकदाचा चांगला झाला. "शब्दालाबी कूळ असतंय," सर म्हणायचे. "इचारल्याबिगार घरात घ्यायचा न्हाय."

वर्गातही हेच. एका मुलाने निबंधात महाराज नाइस, हत्ती नाइस आणि रंकाळाही नाइस करून टाकला. सरांनी त्याला उभं करून या शब्दाची सगळी कुंडली ऐकवली. पोरगा हुशार. दुसऱ्या दिवशी त्याने ती न अडखळता म्हणून दाखवली, आणि सर त्याच्यावर खूश झाले ते कायमचे. पुढे तो वकील झाला आणि आमच्या शाळेच्या कमिटीचा चेअरमनही झाला.

संस्थान विलीन झालं. खालच्या वर्गांतलं इंग्रजी बंद झालं आणि इंग्रजीचा एक शिक्षक जास्त ठरला. सर नोकरीत जुने, तेव्हा जायचं ते धाकट्याने. पण धाकटा होता चेअरमनचा सख्खा भाचा. एका संध्याकाळी चेअरमन स्वतः सरांच्या घरी गेला, पाया पडला. भाच्याची अडचण सांगितली आणि म्हणाला, तुम्ही आपणहून राजीनामा द्या, जूनमध्ये वरच्या वर्गाची नवी तुकडी निघते आहे, तिथे तुम्हालाच घेतो. "माझा शब्द आहे, सर."

सरांनी सही केली. दुसऱ्या दिवशी मला कळलं तेव्हा मी भडकलो. लेखी काही घेतलं का, म्हणून विचारलं.

"लेखी कशाला? माझा इद्यार्थी हाय त्यो," सर म्हणाले. "शब्द दिलाय की."

ज्या माणसाने जन्मभर शब्दांची कुळं काढली, त्याने हा शब्द मात्र न विचारता घरात घेतला. मला अजून त्याचा राग येतो. चेअरमनचा येतो तेवढाच सरांचाही येतो.

जून आला. नवी तुकडी निघाली, तिच्यावर भलताच माणूस आला. सर शाळेत विचारायला आले तेव्हा चेअरमन मीटिंगमध्ये होता. पुन्हा आले तेव्हाही तो मीटिंगमध्येच होता. शिक्षकांच्या खोलीत चहा पीत सगळे हळहळले. हळहळायला कुणाचं काय जातं? शेवटी सर बायकोला घेऊन शिरोळकडे गेले, भावाच्या तंबाखूच्या रानात.

त्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये चेअरमनला सरांची आठवण आली. भाषणात गळा दाटून आल्यासारखं करत तो म्हणाला, सर म्हणजे व्हेरी नाइस मॅन. टाळ्या पडल्या. भाच्याने सगळ्यांत जोरात वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढे मी नृसिंहवाडीला दर्शनाला गेलो होतो. परतताना एस.टी.च्या थांब्यावर सर दिसले. अंगात कोट नव्हता, कपड्यांना तंबाखूचा वास येत होता. "काय ड्रॉइंगवालं, बरं हाय न्हवं?" म्हणाले. ती आमची शेवटची भेट. मला राहवलं नाही. चेअरमन भाषणात काय म्हणाला ते मी सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढला. सोग्याने काचा पुसू लागले. मी प्रश्नाची वाट पाहत राहिलो.

"जुना," सर म्हणाले.



"त्याला ठावं हाय," ते म्हणाले. "मीच शिकवलाय की त्याला."

एस.टी. आली. मी चढून खिडकीशी बसलो आणि मागे वळून पाहिलं. काचा कधीच पुसून झाल्या होत्या, पण चष्मा अजून त्यांच्या हातातच होता.