न पाहिलेल्या चित्रांना होकार

मास्तरांना दिसत नाही, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. ती गेल्यावर कुणालाच नाही. उभा जन्म शिवणकामात गेलेला माणूस. काचबिंदूने आधी सुईचं नेढं नेलं, मग माणसांचे चेहरे. पण पठ्ठ्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! वडिलांनी बांधलेलं घर तोंडपाठ होतं. खाटेवरून उठलं की डाव्या हाताला भिंत, भिंत संपली की कपाट, कपाटाला वळसा घातला की न्हाणीघर. चहासुद्धा स्वतःच करायचे, तोही न सांडता.

मुलाने घर नव्याने करायला काढलं. डिझायनरबाई लॅपटॉप घेऊन आल्या.

"अप्पा, तुमच्या पसंतीशिवाय एक खिळा ठोकायचा नाही," मुलगा म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

बाई पडद्यावर बोट ठेवत विचारू लागल्या, "इथे हे असं केलं तर?"

"करा की."

"आणि हे सगळं असं?"

"झकास!" मास्तर म्हणाले. अंदाजाने मान डोलावण्यात त्यांचा हात कोण धरणार!

काम चाललं तोवर ते लेकीकडे राहिले. तिथे पाहुणे म्हणून सगळं हातात मिळायचं. परत आले ते हौसेने. आत पाऊल टाकून सवयीने डावा हात पुढे केला. हाताला काही लागेना. अजून दोन पावलं, तरी काही नाही.

"भिंत कुठाय रे?"

"काढली ना! चित्रात दाखवलं होतं, अप्पा. तुम्हीच झकास म्हणालात."

पुढच्याच पावलाला ते काचेच्या बुटक्या टेबलावर आपटले आणि खाली बसले. "मला दिसत नाही रे," ते म्हणाले. "कधीचं दिसत नाही."

मुलगा मटकन शेजारी बसला. "एकदा तरी बोलायचं होतंत!"

असल्या मानी माणसांचा राग येतो, आणि लगेच कीवही. मुलगा भिंत परत बांधायला तयार होता, पण उपयोग काय? कळल्यापासून त्यांना एकटं उठूच देत नाहीत. लघवीला जायचं तरी सुनेला हाक मारायची. ती बिचारी हातातलं काम टाकून धावत येते, एका शब्दाने कुरकुरत नाही.

मास्तरांनी पाणी पिणं कमी केलंय.