देवाखालचा व्हॉल्व्ह

आमचे प्लंबर सलीमभाई यांनी आग्नेय कोपऱ्यातली भिंत फोडली, आत हात घातला आणि म्हणाले, "मॅडम, इथं बिलकुल काही न्हाई."

मी टॅबकडे पाहिलं. टॅबवर बरोबर तिथंच हिरवागार व्हॉल्व्ह होता.

जालन्यातल्या एका खासगी हॉस्पिटलची इमारत मी सांभाळते. त्या सकाळी डायलिसिस रूमशेजारी संडासांकडे जाणारी पाण्याची लाइन फुटली आणि पाणी विजेच्या पॅनेलकडे निघालं. पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करावा तर डायलिसिसचंही पाणी बंद, आणि भोकरदनच्या कासाबाई मशीनवर होत्या. न करावा तर वीजच जाणार. फुटलेल्या लाइनीचा स्वतंत्र व्हॉल्व्ह सापडणं हाच मार्ग होता.

टॅबवर आमच्या इमारतीचं बीआयएम मॉडेल, म्हणजे संगणकातली हुबेहूब प्रतिकृती आहे. कुठला पाइप कुठून गेला, कुठला पंप कधी बसवला, वॉरंटी कधी संपते, सगळं त्यात असतं. इमारत उभी राहिल्यापासून पाडेपर्यंत ते भरत राहायचं असतं. आमचं उद्घाटनाला मोठ्या पडद्यावर दाखवलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यानंतर त्यात कुणी खिळाही नोंदवला नाही.

मालक डॉक्टरसाहेब धावत आले. "मॉडेल बघा ना. एवढा खर्चा केलाय."

"बघितलं सर. मॉडेलमध्ये आहे, भिंतीत नाही."

"आग्नेयेला? अहो, आग्नेयेला पाणी ठेवीन का मी? बांधकाम चालू असतानाच वास्तुवाल्या पंडितजींनी तो ईशान्येला घ्यायला लावला."

"मग मॉडेलवाल्यांना सांगितलं होतं?"

"त्यांचा काय संबंध?"

माझं डोकं फिरलं, पण भांडायला वेळ नव्हता. आम्ही सगळे ईशान्येला पळालो. तिथं लॉबीत सागवानी देव्हारा. तोही पंडितजींच्याच सल्ल्याने. व्हॉल्व्हचं झाकण नेमकं गणपतीखाली.

"असा कसा हलवायचा?" साहेब म्हणाले. "थांबा, पंडितजींना फोन लावतो."

कासाबाईंचा मुलगा मागून पुढे आला. "साहेब, मायचं रगत मशीनमदी हाय. पाप लागलं तर मला लागू द्या."

त्याने मूर्ती उचलून छातीशी धरली. सलीमभाईंनी देव्हारा सरकवला आणि व्हॉल्व्ह आवळला. पाणी पॅनेलच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबलं. कासाबाईंचं डायलिसिस पुरं झालं. साहेब फोनवर मुहूर्तच विचारत होते.

नंतर साहेबांनी मीटिंग घेऊन मॉडेल अपडेट करायला सांगितलं. मला वाटलं, चला, अक्कल आली. अपडेट झालं. आता मॉडेलमध्ये देव्हारा आहे, घंटेसकट. क्लिक केलं की सागवानाची वॉरंटी दिसते. व्हॉल्व्ह अजून आग्नेयेलाच आहे, कारण तो हलवलेला दाखवायला साहेबांची सही लागते आणि साहेबांना वेळ नाही. संगणकाला आपण सांगू तेवढंच कळतं, आणि आपण सांगतो फक्त मिरवण्यासारखं.

शेवटी मीच देव्हाऱ्यासमोरच्या फरशीवर लाल रंगाने बाण काढला. लोक आता त्याच्यावर हळदकुंकू वाहतात.