गाडीचं दावं

आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, जुनं खुट्ट्यालाच राहतं. दावं गेलं की दावणीची बरकत गेली. माझी शाळा दुसरीतच सुटली, पण एवढं मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. ह्याच्याच पायी म्हातारपणी झोप उडाली.

चारचाकी गाडी माझ्या नावावर, चालवायचं पोरगं. गंगाखेड रोडला रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला आणि गाडी पुलाच्या कठड्यावर जाऊन उलटली. पोरगं सीटच्या पट्ट्यानं वाचलं, हात तेवढा मोडला. विम्याचा साहेब येऊन चहूकडून फोटो काढून गेला. "बाबा, ही आता दुरुस्त होत नाही. भंगारवाला नेईल. त्याचे पैसे तो देईल, राहिलेले कंपनी." मी सह्या करून दिल्या.

परभणीचा भंगारवाला क्रेन घेऊन यायच्या आत मी छिन्नी-हातोडा घेऊन दोन्ही नंबरप्लेटी उचकटल्या. सून दारात आली. "मामंजी, काय करायलाव हे?"

"दावं काढून घ्यायलोय," मी म्हणलं. गाडीला दुसरं दावं कुठलं असणार?

भंगारवाल्यानं गाडीभोवती चक्कर मारली. "मामा, प्लेटी कुठंयत?"

"दावं देत न्हाई आमी."

तो खो खो हसला. "ऱ्हाऊ द्या मग. मला नंबर काय करायचाय?"

ही हकीकत मी चहाच्या हॉटेलात मोठ्या तोऱ्यात सांगितली. तिथं एक जुना ट्रक ड्रायव्हर बसलेला असतो. तो म्हणाला, "प्लेटी ठिवून काय उपेग? नंबर खाली चेसीवर, गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतोय. तेवढा तुकडा चोरीच्या गाडीला जोडला की ती झाली तुमची गाडी. उद्या तिनं माणूस उडवला की पोलीस तुमच्या दारात."

"आबा, जामिनाला आमाला बोलवा बरं का!" बाकीचे हसले. मीही हसलो. पण मला भंगारवाल्याचा तो शब्द आठवला. मला नंबर काय करायचाय. गाडी विकत घेणाऱ्याला नंबर नको असतो का कधी?

तिथून माझी झोप उडाली. जन्मात कुणापुढं मान खाली घातली नाही मी, आणि आता वीजबिलवाल्याची खाकी पँट दिसली तरी गोठ्यात जाऊन उभा राहायचो. पोराला सांगायची लाज. भंगारवाल्याला फोन केला की तो म्हणायचा, "हुईल मामा, आरटीओत तुमचं नाव कटल." कधी, ते सांगायचा नाही. त्या प्लेटी घरात ठेवायचीही भीती वाटायला लागली. शेवटी धोतराच्या फडक्यात बांधल्या आणि परभणीची एसटी धरली.

त्याच्या भंगाराच्या वाड्यात आमची गाडी तशीच पडलेली. मी तिच्यासमोर टायरवर बसलो. "नंबर कापल्याबिगर उठत न्हाई."

"मामा, माझा धंदा हाय का तुमची पंचायत?"

"चोराचा धंदा असंल तर आत्ताच सांग."

बोलून गेलो. चारी बाजूंनी पत्रे, लोखंड. कामावरची माणसं हातातलं टाकून बघायला लागली. मी कुठं आलोय हे घरी कुणाला माहीत नव्हतं. पाय लटलट कापत होते, म्हणून तर उठलो नाही. लोकांना तो हट्ट वाटला असेल.

 मग भंगारवाल्यानं माणसाला हाक मारून गॅसचा कटर पेटवायला लावला. चेसीचा नंबराचा तुकडा लाल होऊन खाली पडला.

"आता प्लेटी काढा. ह्या तुकड्यासंगं आरटीओत जमा केल्या तवाच नंबर मरतोय."

फडकं मांडीवर होतं. हात उठेना. दावं द्यायचं कसं?

त्यानं कपाळावर हात मारला. गाडीत वाकून पात्यानं ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा कापला आणि माझ्या हातात कोंबला. "हे घ्या तुमचं दावं. आता तरी उठता का?"

प्लेटी आणि तो तुकडा घेऊन त्याच्याच मोटारसायकलवर मागं बसून आरटीओत गेलो. नंबर मेल्याचा कागद मिळाला, पुढं विम्याचंही मिटलं. पट्टा गोठ्यात खुंटीला आहे. पोरगं तिकडं बघत नाही. मी मात्र अजून, दारात गाडी थांबली की आधी नंबर बघतो, मग माणूस.